तिसरा कप होईपर्यंत

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं की हातात कागदांचा एक गठ्ठा येतो. काम काय, वरिष्ठ कोण, लसी कोणत्या, महिन्याचा भत्ता किती, सुट्ट्या कधी घेता येतील, आजारी पडल्यास कुणाला फोन करायचा, हे सगळं त्यात नीट मांडलेलं असतं. संध्याकाळी पाचला काम संपल्यावर झोपेपर्यंतच्या वेळेचं काय करायचं, याबद्दल मात्र त्यात चकार शब्द नसतो. शनिवार-रविवारबद्दलही नसतो. जणू तेवढा वेळ माणूस खुंटीला टांगून ठेवलेला असतो आणि सोमवारी सकाळी पुन्हा उतरवला जातो. माझ्या तिकडच्या दिवसांचा विचार करायला बसले की आठवणींतला मोठा वाटा याच न लिहिलेल्या वेळेचा निघतो, आणि म्हणून त्याबद्दलच लिहावंसं वाटतं.

मी होते इथिओपियात. अदिस अबाबाच्या दक्षिणेला साधारण २७५ किलोमीटरवर हवासा नावाचं शहर आहे. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत एकापाठोपाठ एक तळी आहेत, त्यातल्या एका तळ्याच्या काठावर ते वसलेलं आहे. समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या आसपास उंची, त्यामुळे हवा सुखाची. रस्ते रुंद आणि सपाट, म्हणून सायकली भरपूर. शिवाय निळ्या रंगाच्या तीनचाकी रिक्षा, ज्यांना तिकडे सगळेजण सरळ ‘बजाज’च म्हणतात. ताबोर नावाची एक टेकडी तळ्याला खेटून उभी आहे. तिच्यावर चढलं की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या छपरांचं शहर असं दोन्ही दिसतं.

काम शिक्षक घडवणाऱ्या एका महाविद्यालयात होतं. इथिओपियात २००३ पासून शिक्षक-प्रशिक्षकांसाठी हायर डिप्लोमा प्रोग्राम नावाचा अभ्यासक्रम चालतो. वर्गात नुसतं व्याख्यान देण्याऐवजी विद्यार्थ्यांना बोलतं कसं करायचं, स्वतःच्या शिकवण्याकडे त्रयस्थपणे कसं पाहायचं, असा त्याचा रोख. त्याच धाटणीचं काम मी तिथल्या प्राध्यापकांबरोबर करत होते. ते मनापासून केलं आणि तिथल्या लोकांनीही मनापासून साथ दिली. पण महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत माझी जागा ठरलेली होती. बैठकीत पुढची खुर्ची माझी, पाण्याची पहिली बाटली माझ्यासमोर, आणि ‘तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न दर चर्चेच्या शेवटी माझ्याकडे. माझं मत मागितलं जाई, माझी सही मागितली जाई. देणाऱ्या माणसाभोवती आदराचं एक रिंगण तयार होतं. ते कितीही प्रेमाचं असलं तरी त्याच्या आत कुणी सहज पाय टाकत नाही.

संध्याकाळी घरी परतलं की हे रिंगण फाटकाबाहेरच राही. एका कुंपणाच्या आत चार घरं होती. अशा आवाराला तिकडे गिबी म्हणतात. घरमालकीण साठीच्या पुढच्या, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. सगळे त्यांना ‘एतेते’ म्हणत, म्हणजे थोरल्या बहिणीला मानाने हाक मारतात तसं, म्हणून मीही तेच म्हणे. समोरच्या घरात तिथल्याच सिदामा समाजाचं एक कुटुंब होतं, प्रोटेस्टंट. मागच्या खोलीत शिवणकाम करणारी सिल्ते समाजातली एक बाई, मुसलमान, दोन मुलांची आई. आणि चौथ्या घरात मी. या आवारात माझं मत कुणाला नको होतं. एतेतेंना माझ्याकडून हवं होतं ते इतकंच, की त्यांनी हाक मारली की मी येऊन बसावं.

हाक ठरलेली असे: ‘नु, बुना तेतु.’ या, कॉफी प्या.

इथिओपियातल्या कॉफीबद्दल पर्यटकांच्या लेखांत बरंच लिहून येतं, आणि त्यात तो एक देखणा सोहळा असतो. हॉटेलांत तो तसा असतोही. पण गल्लीतली रोजची कॉफी हा सोहळा नव्हे. ती शेजारधर्माची रोजची बैठक असते. जमिनीवर ताजं लांब गवत पसरलं जाई. कोळशाच्या छोट्या शेगडीवर सपाट तव्यात हिरवट कच्च्या बिया भाजायला घेतल्या जात. भाजून काळसर, तेलकट झाल्या की तवा प्रत्येकाच्या नाकासमोरून फिरे, आणि प्रत्येकजण हाताने तो धूर आपल्याकडे ओढून घेई. मग बिया खलबत्त्यात कुटायच्या, उंच मानेच्या काळ्या मातीच्या जेबेनात उकळायच्या, आणि कानाशिवायच्या इवल्या कपांत वरून बारीक धार धरून ओतायच्या. सोबत मक्याच्या लाह्या, नाहीतर भाजलेल्या सातूचा कोलो. निखाऱ्यावर ऊद टाकलेला.

कप तीन. पहिला अबोल, दुसरा तोना, तिसरा बेरेका. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून उकळत गेल्यामुळे प्रत्येक कप आधीच्यापेक्षा फिका. तिसऱ्याला आशीर्वादाचा कप मानतात. पहिला पिऊन उठलात तर यजमानणीला वाईट वाटतं. म्हणजे तास-दीड तास गेलाच. सुरुवातीला मला वाटायचं की कॉफीला इतका वेळ लागतो म्हणून लोक इतका वेळ बसतात. पुढे कळलं की बसायचं असतं म्हणूनच कॉफीला इतका वेळ लागू दिला जातो. पहिल्या कपाला तब्येत, बाजारभाव, पाणी कधी येणार. दुसऱ्याला कुणाच्या मुलाला अदिसमध्ये नोकरी लागली, कुणाचं लग्न जानेवारीत, तिमकेतच्या सणानंतर. खरं बोलणं तिसऱ्या कपाला. घरातलं भांडण, उसने पैसे, दुखणं, हे सगळं कॉफी फिकी होत आल्यावर बाहेर येई. घाईने उठणाऱ्याच्या वाट्याला फक्त बाजारभाव येतो.

मला अम्हारिक जेमतेम येई, आणि समोरचं कुटुंब आपापसात सिदामा भाषेत बोले. त्यामुळे बराच वेळ मी नुसती ऐकत बसे. तिकडे होकार देताना लोक एकदम श्वास आत ओढतात. दचकल्यासारखा बारीक आवाज होतो. अर्थ इतकाच की हो, ऐकतेय, पुढे सांग. हा श्वास मला भाषेच्या आधी जमला. आणि नुसतं ऐकणाऱ्या माणसालाही त्या वर्तुळात जागा आहे, हे मला तिथे पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं. मी काहीच देत नव्हते, आणि तरी माझी जागा कुणी दुसऱ्याला देत नव्हतं. मी नसले तर माझा कप उपडा ठेवलेला असे.

काही आठवड्यांनी कॉफी करायची पाळी माझ्यावर आली. पाळी आली म्हणजे एतेतेंनी जाहीर केलं की गुरुवारी हिच्याकडे. गवत सिल्ते शेजारणीने आणलं, शेगडी आणि जेबेना एतेतेंचा, बिया समोरच्यांच्या गावाकडच्या. सिदामा हा कॉफीचाच मुलूख. इथिओपियात पिकणाऱ्या कॉफीपैकी जवळपास निम्मी देशातच प्यायली जाते, हा आकडा मी आधी कुठेतरी वाचलेला होता. त्या गुरुवारी माझ्या छोट्या खोलीत दाटीने बसलेल्या बायका पाहताना त्याचा अर्थ समोर दिसत होता. बिया मी भाजत होते आणि चारी बाजूंनी सूचना येत होत्या. अजून थोडं. हलवत राहा. आता उतरव. त्या दिवशी मी यजमानीण होते, आणि त्या सगळ्या मला शिकवत होत्या. दिवसभर वर्गात चालायचं त्याच्या नेमकं उलट. ती संध्याकाळ मला फार आवडली.

शनिवारची सकाळ तळ्याची. अमोरा गेदेल म्हणून मासळीबाजार आहे. पहाटे होड्या परततात, आणि काठावर मुलं झपाझप टिलापिया सोलायला बसतात. तिथेच तिखटाबरोबर कच्च्या मासळीचे तुकडे खाणारे असतात, कुणी मासळीच्या रश्श्याची वाट पाहतात. माणसाच्या छातीइतके उंच मराबू करकोचे टकल्या डोक्यांनी रांगेत उभे असतात, फेकलेल्या आतड्यांची वाट बघत. मला मासळी घ्यायची असो वा नसो, मी जाई. तिकिटाचे काही बिर्र भरले की सबंध सकाळ तिथे कशीही घालवा. संध्याकाळी काठावरच्या बांधावर अख्खं शहर चालायला येतं. हातात हात घातलेले मित्र, बोटं गुंफलेल्या मैत्रिणी, फोटो काढून घेणारी नवी जोडपी, कोलोच्या पुड्या विकणारी मुलं. कुठे पोहोचायचं नसलेली ती चाल असते. महाविद्यालयातले सहकारी तिथे भेटले की वेगळेच भासत. आठवडाभर ‘मॅडम’ म्हणणारा गणिताचा प्राध्यापक आपल्या लहान मुलीला खांद्यावर घेऊन समोर येई, तिला माझ्याकडे सोपवून लाह्या आणायला जाई, आणि सोमवारच्या वर्गाबद्दल एक अक्षर न बोलता आम्ही अर्धा तास चालत राहू.

चालून झालं की रसाचं दुकान. पपई, आंबा, अ‍ॅव्होकाडो यांचे दाट थर एकाच ग्लासात न मिसळता ओततात आणि वर लिंबू पिळतात. त्याला स्प्रिस म्हणतात. तो चमच्याने खावा लागतो. एक ग्लास घेऊन तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही.

खेळांमध्ये फुटबॉलला तोड नाही. इंग्लंडमधले सामने दाखवणारी पत्र्याची सभागृहं गल्लोगल्ली आहेत. चार-दोन बिर्र देऊन आत जायचं आणि बाकांवर दाटीने बसायचं. माझे विद्यार्थी मला घेऊन जात. आर्सेनल हरलं तर दुसऱ्या दिवशी वर्गातले चेहरे पडलेले असत, म्हणून निकाल माहीत असणं हा माझ्या कामाचाही भाग झाला. आत बायका जवळजवळ नसत. पण विद्यार्थ्यांनी माझ्यासाठी कोपऱ्यातल्या बाकाची एक कड राखून ठेवलेली असे, आणि गोल झाला की अनोळखी म्हातारासुद्धा वळून माझ्याशी हात मिळवे. धावणं हे दुसरं वेड. अदिसमध्ये दर नोव्हेंबरात ग्रेट इथिओपियन रन होते, दहा किलोमीटरची. तिथला नामवंत धावपटू हैले गेब्रेसेलासी याच्या पुढाकाराने ती २००१ मध्ये सुरू झाली. पुढे असतात ते खरे धावपटू. मागे हजारो लोक एकसारखे टी-शर्ट घालून गात, नाचत, पाण्याच्या फवाऱ्यांखाली भिजत चालतात. आमच्या महाविद्यालयातला एक गट रात्रीच्या बसने गेला, त्यात मीही होते. शेवटच्या चढावर ग्रंथपाल बाईंनी माझा दंड धरला तो मेस्केल चौक येईपर्यंत सोडला नाही. ‘आयझोश, आयझोश’ म्हणत राहिल्या. धीर धर, मी आहे.

स्वयंसेवकांचा आपला असाही एक गोतावळा असतो, आणि त्याबद्दल प्रामाणिकपणे लिहायला हवं. शहरात वेगवेगळ्या देशांतून आलेले आम्ही काहीजण होतो. रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, लॅपटॉपवर सिनेमा, आपापल्या देशातलं काहीतरी रांधायचं, दिवसभर दुसऱ्या भाषेत जगून शिणलेल्या जिभेला विसावा द्यायचा. हे लागतंच. मला टायफॉइड झाला तेव्हा औषधांच्या वेळा याच मंडळींनी पाळल्या. पण ज्यांच्या सगळ्याच संध्याकाळी या वर्तुळात गेल्या, ती माणसं मला महिन्यागणिक कडवट होताना दिसली. त्यांना तो देश फक्त कामाच्या वेळेत भेटत होता, म्हणजे रखडलेल्या फायली, न आलेली वीज आणि रद्द झालेल्या बैठका एवढ्याच रूपात. कुठलाही देश फक्त त्याच्या कार्यालयांतून पाहिला तर तो आवडणं कठीण आहे.

शेजारी गल्लीच्या टोकाला एक निवृत्त शिक्षक राहत. सत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना ‘गाशे’ म्हणत. वयाने वडील पुरुषाला तिकडे तसंच म्हणतात. संध्याकाळी ते फाटकासमोर खुर्ची टाकून बसत. मी भारतीय हे कळल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि त्रिकोणमितीचं एक सूत्र घडाघडा म्हणून दाखवलं. सम्राट हैले सेलासीच्या काळात तिथल्या शाळांमधून भारतीय शिक्षक पुष्कळ होते. त्यांच्यापैकी एकाने यिर्गालेमच्या शाळेत गाशेंना गणित शिकवलं होतं. त्याच शाळेत एक अमेरिकन तरुणही आला होता. पीस कोअर ही स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारी संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली आणि १९६२ मध्ये इथिओपियात पहिली मोठी तुकडी उतरली, पावणेतीनशेच्या आसपास, बहुतेक शिक्षकच. गाशेंना या दोघांबद्दल विचारलं की वर्गातलं काही ते सांगत नसत. भारतीय मास्तर रोज संध्याकाळी छत्री घेऊन फिरायला निघत आणि प्रत्येक दाराशी थांबून विचारपूस करत. अमेरिकन मास्तर पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळे, आणि चेंडू फाटला तर रात्री कंदिलाच्या उजेडात शिवत बसे. पन्नास-पंचावन्न वर्षं उलटून गेल्यावर एका विद्यार्थ्याच्या मनात एवढं उरलं होतं. गणित उरलं नव्हतं असं नाही, सूत्र तर मी स्वतः ऐकलं. पण गणित कुणी शिकवलं हे सांगताना त्यांना छत्री आठवे.

बुधवार आणि शुक्रवार हे ऑर्थोडॉक्स लोकांचे उपासाचे वार. मोठे उपास धरले तर वर्षातले १८० हून अधिक दिवस मांस, दूध, अंडी बंद. त्या दिवसांत एतेतेंच्या घरी मोठ्या इंजेऱ्यावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मऊ भाकरीवर, डाळी, शिरो म्हणजे त्यांचं पिठलं, कोबी, बीट, हिरव्या भाज्या असे ढीग मांडले जात. एका ताटात सगळे हात. समोरचे प्रोटेस्टंट उपास पाळत नसत आणि सिल्ते शेजारीण तर दुसऱ्याच धर्माची, मांस वेगळ्या हातचं लागणारी. उपासाचं ताट मात्र सगळ्यांना चाले, म्हणून एकत्र जेवण बहुधा त्याच दिवसांत होई. जेवताना कुणी दारातून गेलं तरी त्याला बोलवायचंच. आणि गुरशा: इंजेऱ्याचा घास नीट गुंडाळून दुसऱ्याच्या तोंडात भरवायचा. प्रौढ माणसाला दुसऱ्या प्रौढ माणसाच्या हातून घास घेताना एक क्षण अवघडायला होतं. कारण त्या क्षणी हात मोकळे असून काही करायचं नसतं, फक्त तोंड उघडायचं असतं. एतेतेंचा घास नेहमी मोठा असे. घास जितका मोठा, तितकी माया जास्त.

आणि आता इदिरबद्दल. हे सगळ्यांत सविस्तर सांगायचं आहे.

इदिर म्हणजे गल्लीतल्या लोकांनी मृत्यूच्या प्रसंगासाठी चालवलेली संस्था. दर महिन्याला ठरावीक वर्गणी. त्यातून तंबू, बाक, मोठी पातेली, पेले घेऊन ठेवलेले असतात. कुणाच्या घरी कुणी गेलं की घरच्यांना पैसे मिळतातच, पण पुढचे काही दिवस चूल, पाणी, बसण्याची सोय, येणाऱ्या-जाणाऱ्याचं पाहणं, हे सगळं इदिर आपल्या अंगावर घेतं. नियम कडक असतात. हजेरी लागते, न येणाऱ्याला दंड होतो. धर्म, जात, हुद्दा यांचा संबंध नाही. त्या गल्लीत राहता, एवढं पुरे. बायकांचं स्वतंत्र इदिर असतं. एतेतेंनी एका महिन्यात मला न विचारता माझं नाव त्या वहीत घातलं आणि वर्गणी मागायला आल्या. परदेशी बाई काही काळासाठी आलेली, हिला कशाला, असं कुणीतरी म्हणालं असावं. एतेतेंचं उत्तर मला ग्रंथपाल बाईंकडून नंतर कळलं: ‘ती इथे झोपते ना? मग इथली.’

एका पहाटे तुरुंबा वाजला. इदिरचा माणूस कर्णा फुंकत गल्लीतून जातो आणि कोण गेलं ते ओरडून सांगतो. गाशेंची बायको गेली होती. उजाडेपर्यंत रस्त्यात तंबू उभा राहिला. पुरुष बाक आणत होते. मला पेल्यांचं काम मिळालं. सिल्ते शेजारीण आणि मी, दोन पिपं, एक साबणाचं, एक स्वच्छ पाण्याचं. येणाऱ्या प्रत्येकाला पाणी, चहा, आणि निफ्रो म्हणजे उकडलेले गहू-हरभरे. दर थोड्या वेळाने बायकांचा नवा गट येई, तंबूच्या तोंडाशी मोठ्याने रडणं सुरू होई, आतल्या बायका उठून त्यात मिसळत, आणि मग हळूहळू सगळं शांत होऊन लोक बसून राहत. सांत्वनाची वाक्यं फारशी नव्हती. तीन दिवस लोक येत राहिले आणि बसत राहिले. रात्री पुरुष तंबूत पत्ते खेळत जागत, गाशे एकटे पडू नयेत म्हणून. मी महाविद्यालयातून येऊन पिपाशी बसे. तिसऱ्या दिवशी इदिरच्या चिटणीस बाईंनी वही काढून हजेरी वाचली, माझं नाव आलं, मी श्वास आत ओढून हो म्हटलं, आणि त्या पुढच्या नावाकडे वळल्या. महाविद्यालयात माझ्या कामाबद्दल अनेकदा आभार मानले गेले. इथे कुणी आभार मानले नाहीत. इथे ते माझं कामच होतं, आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

त्यानंतरच्या एका कॉफीला मी त्यांना मलिक अंबरची गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकात त्यांच्याच देशातला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती अरबस्तानातून दख्खनला पोहोचला, तिथे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मुघलांशी वर्षानुवर्षं लढला, खडकी नावाचं शहर वसवलं, १६२६ मध्ये तिकडेच मरण पावला. ग्रंथपाल बाईंनी भाषांतर केलं. मला वाटलं होतं, पराक्रमाचं कौतुक होईल. एतेतेंनी विचारलं, ‘त्याचा लेकसो कोण बसलं?’ लेकसो म्हणजे शोक, त्या तंबूत बसून करतात तो. मी म्हटलं, तिकडे त्याची मोठी कबर आहे, लोक मानतात. ते नव्हे, त्या म्हणाल्या, त्याच्या आईच्या दारात कोण बसलं? मुलगा गेला हे तिला कळलंच नाही, मग तंबू कुणी घातला असेल? बऱ्याच वेळ त्या एकमेकींत बोलत राहिल्या. मलिक अंबरबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे. त्याच्या आईचा विचार मी कधीच केला नव्हता.

समोरच्या कुटुंबाने त्यांच्या नव्या वर्षाला बोलावलं, तोही असाच घरातला दिवस. सिदामा लोकांचा फिच्चे-चंबलाला हा सण युनेस्कोच्या यादीत २०१५ मध्ये गेला. त्याची तारीख छापील नसते. अयांतो म्हणवणारे जाणकार ताऱ्यांची गती पाहून ती ठरवतात. आदल्या संध्याकाळी बुरिसामे खायचं: एन्सेत नावाच्या, केळीसारख्या दिसणाऱ्या झाडाचा गर आंबवून केलेलं, लोण्यात माखलेलं, सोबत दूध. दुसऱ्या दिवशी मुलं घरोघर शुभेच्छा देत हिंडतात. झाड तोडायचं नाही, जनावर कापायचं नाही. मग गुदुमालेच्या मैदानावर गावोगावचे लोक रांगा करून गात, पावलं आपटत येतात. आवारातले सगळे निघाले, एतेतेसुद्धा, त्यांचं नवं वर्ष सप्टेंबरात होऊन गेलेलं असताना. गर्दीत हरवू नये म्हणून सिल्ते शेजारणीच्या मुलांनी माझी ओढणी दोन्हीकडून धरली होती.

परतायची वेळ आली तेव्हा महाविद्यालयाने समारंभ केला, हातमागाचा पांढरा पोशाख दिला, भाषणं झाली. मला ते सगळं मोलाचं आहे. पण निरोपाचा खरा खल आवारात झाला, आणि तो इदिरवरून होता. गाव सोडणाऱ्याचं नाव कमी करायचं असतं, तसा नियम. चिटणीस बाई वही घेऊन आल्या. एतेते म्हणाल्या, नाव राहील. चिटणीस म्हणाल्या, वर्गणी कोण भरणार आणि तुरुंबा वाजला तर ही येणार कशी? सिल्ते शेजारीण म्हणाली, पेल्यांची पाळी मी एकटीने करणार नाही, माणूस द्या. यावर दोन कप संपले. तिसऱ्याला ठरलं ते असं: वर्गणी मी ग्रंथपाल बाईंकडे पाठवायची, त्यांनी भरायची. पेल्यांवर समोरच्यांची मोठी मुलगी बसेल. हजेरीच्या रकान्यात माझ्या नावापुढे ‘प्रवासात’ लिहायचं, म्हणजे दंड लागणार नाही. चिटणीस बाईंनी त्यांच्या दिनदर्शिकेतली तारीख घालून तसं लिहिलं आणि मला सही करायला लावली. वर्गणी मी वर्षाची एकदम पाठवते. पोचपावतीचा फोटो ग्रंथपाल बाई पाठवतात, आणि कुणाच्या घरी तंबू पडला होता तेही कळवतात.